पेटीमागे किती कापले? कार्डाने आलेल्या पैशाचा हिशेब



देवगडचा हापूस आता सगळाच्या सगळा वाशीच्या बाजारात जातो असे राहिलेले नाही. जामसंड्याच्या रस्त्याला, कुणकेश्वराच्या वाटेवर, पडेल-विजयदुर्गाच्या बाजूला बागायतदार स्वतः पेट्या मांडून विक्री करतात. पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक फोनवरून पेटी सांगते. माल आपला, भाव आपण ठरवलेला, ही चांगली गोष्ट आहे. पण पैसे आता नोटांनी येत नाहीत. कोणी मोबाईल काढून क्यूआर टिपतो, कोणी कार्ड पुढे करतो. पेटी दिली ३,००० रुपयांची आणि दुसऱ्या दिवशी खात्यात पडले २,९२९ रुपये २० पैसे. मग "पैसे इले, पण पुरे नाय इले" असे म्हणत आपण पासबुक चाळत बसतो.

दलालाची पट्टी आली की आपण ती ओळीओळीने वाचतो. मोटारभाडे किती, हमाली किती, तोलाई किती, हे तोंडपाठ असते. कार्डाच्या पैशाचीही अशीच पट्टी असते, फक्त ती कोणी आपल्या हातात आणून देत नाही. ती मागून घ्यावी लागते आणि वाचावी लागते. ती कशी वाचायची, एवढेच या पत्रकात सांगावयाचे आहे.

कार्ड घासले की आत काय होते?

गिऱ्हाइकाने कार्ड घासले की आपल्या मशीनवाल्या बँकेकडून निरोप निघतो. तो कार्डाच्या जाळ्यातून, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपल्या देशातले रुपे, ज्याचे कार्ड असेल त्याच्यातून, गिऱ्हाइकाच्या बँकेकडे जातो. तिथून होकार आला की मशीनमधून पावती बाहेर येते. या कामात तीन वाटेकरी झाले: आपल्याला मशीन देणारी बँक, मधले जाळे आणि गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक. तिघांचा वाटा मिळून जी कपात होते तिला 'मर्चंट डिस्काउंट रेट' म्हणतात. बँकेच्या कागदावर ती 'एमडीआर' अशा तीन अक्षरांत लिहिलेली असते. ही अक्षरे ओळखून ठेवा.

या वाट्यात क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकेचा हिस्सा बहुधा मोठा असतो. याचे कारण सोपे आहे. डेबिट कार्डात गिऱ्हाइकाच्या खात्यातले पैसे तिथल्या तिथे वजा होतात. क्रेडिट कार्डात बँक स्वतःचे पैसे आपल्याला आधी देते आणि गिऱ्हाइकाकडून महिना-दीड महिन्याने वसूल करते. मधल्या काळाचे व्याज, पैसे बुडण्याचा धोका आणि गिऱ्हाइकाला दिलेली बक्षिसे, या सगळ्याचा खर्च ती या कपातीतून काढते. गिऱ्हाइकाला मिळालेल्या उधारीचा भार असा थोडा आपल्या पेटीवर येतो.

कोणत्या पैशाला किती कपात?

सगळी कार्डे सारखी नसतात. पाच डझनांची पेटी ३,००० रुपयांना विकली असे धरून चालू आणि एकेक प्रकार पाहू.

पहिला प्रकार, बँक खात्यातून केलेले यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड. १ जानेवारी २०२० पासून या दोन्हींवर बँकेला विक्रेत्याकडून एमडीआर घेता येत नाही. तीन हजार दिले, तीन हजार जमा.

दुसरा प्रकार, व्हिसा किंवा मास्टरकार्डचे डेबिट कार्ड. यासाठी रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली आहे. ६ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने ती ठरली आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली. ज्याची मागच्या आर्थिक वर्षातली उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत आहे तो लहान विक्रेता. त्याच्याकडून मशीनवर जास्तीत जास्त शेकडा ४० पैसे घेता येतात, आणि क्यूआरवर कार्ड चालवले तर शेकडा ३० पैसे. शिवाय एका व्यवहाराला २०० रुपयांवर कपात करता येत नाही. म्हणजे आपल्या पेटीवर मशीनने १२ रुपये. उलाढाल २० लाखांवर असेल तर मर्यादा शेकडा ९० पैसे, क्यूआरवर ८० पैसे आणि एका व्यवहाराला १,००० रुपये. तेव्हा त्याच पेटीवर २७ रुपये.

इथे एक गोष्ट बघा. आपण लहान विक्रेते असूनही फॉर्म भरताना चुकून मोठ्या वर्गात नोंद झाली, तर १२ च्या जागी २७ कापले जातील आणि कोणी सांगायला येणार नाही. आपली नोंद कोणत्या वर्गात आहे हे बँकेत विचारून घ्या.

तिसरा प्रकार, क्रेडिट कार्ड. याला रिझर्व्ह बँकेची अशी मर्यादा नाही. दर बँकेच्या आणि आपल्या करारावर ठरतो. आपण हिशेबापुरते शेकडा २ रुपये धरू. पेटीवर ६० रुपये झाले. परदेशातल्या बँकेचे कार्ड असेल तर दर बहुधा याहून चढा असतो. दुबईहून आलेल्या पाहुण्याने कार्ड घासले तर हे ध्यानात असू द्या.

चौथा प्रकार थोडा फसवा आहे. २०२२ पासून रुपेचे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. गिऱ्हाईक मोबाईलनेच क्यूआर टिपते आणि आपल्याला वाटते की हे साधे यूपीआय आहे. पण पैसे येतात क्रेडिट कार्डातून. लहान विक्रेत्याला अशा २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर आकार नाही. त्यावरच्या रकमेला कराराप्रमाणे कपात लागू शकते. घरच्या खात्याच्या साध्या क्यूआरवर हे पैसे घेता येत नाहीत, त्याला व्यापारी क्यूआर लागतो. तेव्हा यूपीआयच्या रकमेतून काही कापलेले दिसले, तर आधी ही शक्यता तपासा.

कपातीवर पुन्हा कर

बँकेने कापलेली रक्कम ही तिच्या सेवेची किंमत. तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. हा कर आंब्यावर नाही बरं का, बँकेच्या आकारावर आहे. क्रेडिट कार्डाचे ६० रुपये, त्यावर १० रुपये ८० पैसे, एकूण ७० रुपये ८० पैसे. सुरुवातीला सांगितलेल्या पेटीचे पैसे कुठे गेले ते आता समजले असेल. डेबिट कार्डावर १२ रुपये अधिक २ रुपये १६ पैसे, म्हणजे १४ रुपये १६ पैसे.

एक व्यवहार २,००० रुपयांपर्यंतचा असेल तर बँकेच्या या कार्डसेवेला जीएसटी माफ आहे. दोन डझनांचा खोका १,२०० रुपयांना क्रेडिट कार्डावर विकला तर २४ रुपयेच कापले जायला हवेत. त्यावर कर लावलेला दिसला तर कारण विचारा. मात्र हा कर वाचवण्यासाठी एकच बिल फोडून दोनदा कार्ड घासू नका. बहुतेक करारांत त्याला मनाई असते आणि पैसे अडकून पडतात.

दुकानदार असा भरलेला जीएसटी आपल्या करातून वळता करून घेतो. आपल्या बागेचा माल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही, त्यामुळे तो वळताही करता येत नाही. म्हणून आपल्या वहीत कपात लिहिताना कर धरूनच लिहा.

टक्क्यापेक्षा भाडे जड

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मशीन घेताना आपण टक्क्यावर घासाघीस करतो. दोनाचे पावणेदोन करा म्हणतो. पण आपला धंदा हंगामाचा आहे. मार्च ते मे विक्री, जूनला पाऊस लागला की मशीन फळीवर. भाडे मात्र बाराही महिने खात्यातून वजा होत राहते. शहरातल्या किराणा दुकानदाराला जे भाडे कळतही नाही, ते आपल्या पेटीवर बसते.

उदाहरण घ्या. एका बागायतदाराने हंगामात ४० पेट्या क्रेडिट कार्डावर विकल्या. ३,००० प्रमाणे १,२०,००० रुपये झाले. २ टक्के आणि त्यावरचा कर मिळून कपात २,८३२ रुपये. मशीनचे भाडे महिना ४०० रुपये धरा.

भाडे बारा महिने चालू राहिले तर ४,८०० रुपये, कर धरून ५,६६४. एकूण कपात ८,४९६ रुपये. पेटीमागे २१२ रुपये ४० पैसे.

मशीन तीन महिन्यांपुरते घेतले आणि परत केले तर भाडे कर धरून १,४१६. एकूण कपात ४,२४८ रुपये. पेटीमागे १०६ रुपये २० पैसे. बरोबर निम्मे.

बिनभाड्याच्या सोयीने कार्ड घेतले तर एकूण २,८३२ रुपये. पेटीमागे ७० रुपये ८० पैसे.

आता घासाघीस करून टक्का २ वरून १.८ वर आणला असता तर काय वाचले असते? सबंध हंगामात कर धरून २८३ रुपये २० पैसे. आणि जूनमध्ये मशीन परत केल्याने वाचले ४,२४८ रुपये! तेव्हा टक्क्यावर बोला, पण त्याआधी भाड्यावर बोला.

पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा छोटा डबा आता घरोघर दिसतो. क्यूआर फुकट असतो, पण डब्याला बहुधा भाडे असते. महिना १०० रुपये धरले तरी वर्षाचे १,२०० झाले, कर वेगळा. पावसाळ्यात डबा मुका आणि भाडे चालू, असे होऊ देऊ नका. ज्यांच्याकडे आंब्यानंतर कोकम आगळ, सोले, काजूगर, आंबापोळी यांची विक्री वर्षभर चालते किंवा पाहुण्यांची राहण्याची सोय आहे, त्यांना बारमाही मशीन परवडू शकेल. त्यांनीही पेटीऐवजी दर महिन्याच्या एकूण विक्रीवर हिशेब मांडून पाहावा.

मग मशीन घेऊच नये का?

असे नाही. पिकलेला आंबा थांबत नाही. गाडी थांबवून उतरलेले गिऱ्हाईक "कार्ड चालत नाही" म्हणून पुढच्या मांडवाला गेले, तर ७० रुपये वाचले आणि पेटी राहिली. खर्च वजा जाता एका पेटीत १,००० रुपये सुटतात असे धरा. कार्डाची कपात जाऊन ९२९ रुपये उरतात. तीन महिन्यांचे भाडे १,४१६ आहे. मशीनमुळे दोन पेट्या जादा खपल्या तरी ते निघून येते. बारा महिन्यांचे भाडे निघायला मात्र सात पेट्या जादा खपल्या पाहिजेत. तेव्हा आधी आठवून पाहा: गेल्या हंगामात कार्ड नाही म्हणून खरोखर किती गिऱ्हाइके परत गेली? बहुतेकांनी यूपीआयने पैसे दिले असतील तर मशीनची घाई नको.

गिऱ्हाइकाकडून जादा घ्यावे का?

फळे आणि भाजीपाला यांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असे राज्य सरकारने २०१६ साली ठरवले. त्यामुळे कोणाला वाटेल की कार्डाची कपातही गिऱ्हाइकावर टाकावी आणि 'कार्डाला २ टक्के जादा' अशी पाटी लावावी. तसे करू नका. डेबिट कार्डाचा आकार विक्रेत्याने गिऱ्हाइकावर टाकू नये याची खबरदारी घ्या, असे २०१७ च्या त्याच परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले आहे. क्रेडिट कार्डाच्या करारातही बहुधा हीच अट असते. तक्रार झाली तर मशीन जाते.

यातून दोन मार्ग आहेत. एक, भाव ठरवतानाच कपात खर्चात धरावी. खोका, गवत, मजुरी, गाडीभाडे यांच्या खाली एक ओळ 'कार्डकपात' म्हणून लिहावी. दहा पेट्यांत चार कार्डाच्या असतील तर चारांची कपात दहांवर वाटावी. चार पेट्यांचे २८३ रुपये २० पैसे, म्हणजे दर पेटीला साधारण २८ रुपये. दुसरा, गिऱ्हाइकाला नम्रपणे सांगावे, "खात्यातून यूपीआय केलात तर आम्हाला पूर्ण पैसे मिळतात." पुष्कळ लोक ऐकतात. सक्ती मात्र नको.

सही करण्यापूर्वी हे विचारा

१. रुपे डेबिट, इतर डेबिट, क्रेडिट आणि परदेशी कार्ड, प्रत्येकाचा दर वेगवेगळा लिहून द्याल का?

२. मशीनचे किंवा डब्याचे भाडे किती? ते कोणत्या तारखेपासून सुरू होते?

३. जून ते फेब्रुवारी मशीन परत करता येईल का? बंद करण्याचा आकार किती?

४. सुरुवातीला भरायची रक्कम अनामत आहे की फी? अनामत केव्हा परत मिळेल?

५. ठरावीक विक्री झाली नाही तर दंड आहे का?

६. पैसे खात्यात किती दिवसांनी येतील? शनिवार-रविवारचे केव्हा? हंगामात सर्वांत जास्त विक्री याच दोन दिवशी होते.

७. गिऱ्हाइकाला पैसे परत करावे लागले तर आधी कापलेला आकार परत मिळतो का?

मोबाईलवर दुवा पाठवून पैसे मागवणार असाल किंवा स्वतःचे संकेतस्थळ असेल, तर आणखी एक प्रश्न विचारा. यूपीआयने आलेल्या पैशावरही काही कंपन्या आपल्या सेवेचा म्हणून वेगळा आकार लावतात. तो आहे का आणि किती, हे लेखी घ्या. तोंडी सांगितलेला दर पट्टीत दिसत नाही.

चार रकान्यांची वही

रोज संध्याकाळी पाच मिनिटे काढा. वहीत चार रकाने पाडा: बिलाची रक्कम, पैसे कशाने आले, खात्यात किती जमा झाले, फरक किती. महिन्याचे भाडे शेवटी वेगळे लिहा. फरक आणि भाडे यांची बेरीज करून पेट्यांच्या संख्येने भागा. जो आकडा येईल तो तुमचा खरा दर. दुसऱ्या बँकेचा माणूस आला की त्याच्याशी या आकड्यावर बोला. बँकेकडून दर महिन्याचा तपशीलवार उतारा मागून वहीशी ताडून पाहा.

पार्सलने पाठवलेल्या पेटीबद्दल गिऱ्हाइकाने पुढे आपल्या बँकेत तक्रार केली, तर कार्डाचे आलेले पैसे अडकू किंवा परत जाऊ शकतात. त्यासाठी पार्सलची पावती, भरताना काढलेला पेटीचा फोटो आणि गिऱ्हाइकाचा निरोप हंगाम संपेपर्यंत व नंतरही काही महिने जपून ठेवा.

सावध राहा

गिऱ्हाइकाने मोबाईलवर दाखवलेले चित्र पाहून पेटी देऊ नका. आपल्या खात्यात रक्कम दिसली किंवा डबा बोलला की मगच द्या. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा पैसे काढणाराच असतो. फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा.

कपात चुकीची वाटली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी लागत नाही.

बंधू-भगिनींनो, दर आणि नियम बदलत असतात. म्हणून मोहर धरला की एकदा बँकेत जाऊन वरचे सात प्रश्न पुन्हा विचारावेत. हे पत्रक हिशेबाच्या वहीत ठेवा, शेजाऱ्यालाही वाचायला द्या. आपल्या पेटीमागे किती कपात निघाली ते कार्यक्रमाला पत्राने जरूर कळवा.